‘डेझर्ट’ दिसला की लगेच ‘वाळवंट’ लिहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोन वर्षांपासून इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करता. सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव भागातल्या जमिनींवरचा एक अहवाल तुमच्याकडे आला. त्यात ‘डेझर्टिफिकेशन’ हा शब्द पानोपानी होता. तुम्ही कोश पाहून ‘वाळवंटीकरण’ लिहिलेत आणि तपासणाऱ्यांनी ‘इथे वाळवंट कुठे आहे?’ असा शेरा मारून मजकूर परत पाठवला. त्याआधी एका गोष्टीतले ‘डेझर्ट आयलंड’ तुम्ही ‘वाळवंटी बेट’ केले होते, त्यावरही लाल खूण आली होती. तेव्हा हा शब्द किती अर्थांनी येतो आणि मराठीत कुठे काय लिहायचे, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे.

मी ३१ वर्षे हे काम करते आहे. न्यायालयातले अर्ज, शेतीची पत्रके, भूगोलाचे धडे, हॉटेलांची मेन्यूकार्डे, सगळीकडे हा शब्द भेटला आणि प्रत्येक ठिकाणी त्याने वेगळे उत्तर मागितले. तुमच्याकडून झालेली चूक माझ्याकडूनही झाली होती, तीही अशाच एका शेतीच्या कागदात. ते शेवटी सांगते, कारण तुमच्या अहवालाचे उत्तर तिथेच आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. इंग्रजी डेझर्टच्या पोटात वाळू नाही. मराठी वाळवंटाच्या पोटात मात्र वाळूच आहे. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला. तिथे ‘सेरेरे’ म्हणजे ओवणे, जोडणे. ‘सिरीज’ हा शब्द त्याच घरातला. त्याच्या आधी ‘दे’ लागला की अर्थ उलटतो: ओवलेले सुटणे, जोडलेले तोडणे, सोडून जाणे. माळेतून मणी निसटावा तसे. जी जागा माणसांनी अशी सोडली, जिथे वस्ती नाही, ती ‘देसेर्तुम’. त्यातून डेझर्ट. म्हणजे मूळ अर्थ ‘माणसांवाचून पडलेली जागा’ एवढाच. तिथे वाळू आहे, खडक आहे की गवत, हे तो शब्द सांगतच नाही.

याचा मला सापडलेला सर्वांत चांगला पुरावा १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना घेऊन विसाव्यासाठी एका ‘डेझर्ट’ जागी जातो. लोक मागोमाग येतात, दिवस कलतो, शिष्य म्हणतात की ही जागा डेझर्ट आहे, यांना गावात पाठवा म्हणजे ते काही विकत घेऊन खातील. आणि चारच ओळींनंतर येशू त्या लोकांना हिरव्या गवतावर पंगतीने बसायला सांगतो. डेझर्टमध्ये हिरवे गवत! आजच्या वाचकाला हे खटकते, तेव्हाच्या वाचकाला खटकत नव्हते. जागा निर्जन होती, एवढेच त्याला कळत होते. मराठी बायबलात अशा ठिकाणी ‘अरण्य’, ‘रान’ हे शब्द वापरलेले दिसतात आणि ते अगदी योग्य आहेत. अरण्याचा संस्कृतमधला जुना अर्थ तरी काय? गावापासून लांबची, परकी, ओसाड भूमी. दाट झाडी नंतर त्यात आली.

आता आपल्या शब्दाकडे या. वाळवंट म्हणजे मुळात नदीकाठचा वाळूचा पट्टा. पंढरपूरला चंद्रभागेचे वाळवंट आहे. आषाढीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. टाळ-मृदंग वाजतात, फुगड्या होतात, दिंड्या येऊन टेकतात. अभंगांतले वाळवंट हे असे माणसांनी फुललेले आहे. गोव्यात साखळीजवळून वाहणाऱ्या नदीचे नावच वाळवंटी आहे आणि तिच्या काठी विठ्ठलापुरात विठ्ठलाचे देऊळ आहे. म्हणजे ज्या शब्दाने इंग्रज माणसाला एकटेपणा आठवतो, त्याच्या जागी आपण जो शब्द ठेवतो, त्याने वारकऱ्याला गर्दी आठवते आणि पाणीही आठवते. राजस्थानच्या, अरबस्तानच्या, आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांना आपण पुढे हाच शब्द लावला, कारण दोन्हीकडे डोळ्यांना दिसणारी गोष्ट वाळू होती. शब्द रूढ झाला, त्याला माझी काही हरकत नाही. पण तो वाळूच्या अंगाने आपल्याकडे आला आहे, हे विसरायचे नाही.

तुमच्या बेटाचे उत्तर आता तुम्हालाच मिळाले असेल. ‘डेझर्ट आयलंड’ म्हणजे निर्मनुष्य बेट. तिथे नारळाची झाडे असतील, गोड्या पाण्याचे झरे असतील, फक्त माणूस नसेल. इथे जुना अर्थ जसाच्या तसा टिकून राहिला आहे.

भूगोलात गेलात की वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे डेझर्टचा अर्थ पावसावर ठरतो. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस किंवा बर्फ पडणारा प्रदेश, अशी सर्वसाधारण मोजणी आहे. या मोजणीने जगातला सर्वांत मोठा डेझर्ट अंटार्क्टिका ठरतो, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा. सहारा उष्ण प्रदेशांतला सर्वांत मोठा, सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर. आणि त्या सहारातही वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला भाग एक चतुर्थांशाच्या आसपासच आहे. बाकी उघडे खडकाळ पठार, गोटे-खड्यांची मैदाने, डोंगर. शाळेच्या पुस्तकात ‘अंटार्क्टिका हे सर्वांत मोठे वाळवंट’ हे वाक्य भाषांतरात गेले की मुले शिक्षकांना विचारतात, बर्फाखाली वाळू आहे का? प्रश्न मुलांच्या बाजूने बरोबरच आहे. अशा ठिकाणी मी ‘मरुप्रदेश’ किंवा ‘शुष्क प्रदेश’ लिहिते. मरु हा शब्द ‘मृ’ म्हणजे मरणे या धातूकडे नेतात. पाण्यावाचून जीव जातो ती भूमी. त्यात वाळूची अट नाही. लडाख आणि स्पितीलाही हेच लागू आहे. लेहला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटरच पाऊस-बर्फ पडतो, म्हणून तो थंड डेझर्ट. नुब्रा खोऱ्यात हुंदरला खरोखर वाळूच्या टेकड्या आहेत, पण लडाखला मरुप्रदेश म्हणतात तो त्या टेकड्यांमुळे नव्हे. ‘शीत मरुप्रदेश’ लिहिले की काम होते. पाठ्यपुस्तकातली परिभाषाच पाळायची असेल तर ‘थंड वाळवंट’ ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात पावसाचा निकष सांगा.

‘सहारा’ हा अरबीत डेझर्टलाच असलेला शब्द आहे, म्हणून ‘सहारा वाळवंट’ यात एकच गोष्ट दोनदा येते. ते बदलायला जाऊ नका, वाचकाला तीच ओळख आहे. कच्छच्या रणाबद्दल मात्र सावध राहा. ते युद्धाचे रण नव्हे. संस्कृत ‘इरिण’ म्हणजे खारी, नापीक भूमी, त्यातून ते रण आले. गुजरातीत रण म्हणजे डेझर्टच. मराठीत रणांगण, रणधुमाळी हे शब्द तोंडात बसलेले असल्यामुळे वाचकाचे मन तिकडे ओढले जाते. ‘रणातील लढाई’ असले मथळे करताना दोनदा विचार करा.

जाता जाता जंगलाचे सांगते, कारण ही गंमत मला फार आवडते. आयुर्वेदात देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ. आणि जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळ्या आकाशाचा प्रदेश. म्हणजे ‘जंगल’ मुळात डेझर्टच्या जवळचा शब्द. मराठी-हिंदीतून तो इंग्रजीत गेला आणि तिकडे घनदाट, ओल्या झाडीचा झाला. अरण्य आणि जंगल, दोन्ही शब्द ओसाडीकडून झाडीकडे गेले. इंग्रजी डेझर्ट ओसाडीकडून वाळूकडे गेला. भाषा एकाच जागेवरून निघून कुठे कुठे पोहोचतात ते पाहा.

आता ‘डेझर्टेड’. हे रूप भाषांतरात सर्वांत जास्त येते आणि मराठीची श्रीमंती इथे खरी कामाला येते. इंग्रजीत एक शब्द आहे, आपल्याकडे दहा आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रात्री अकरानंतरचा रस्ता डेझर्टेड असेल तर शुकशुकाट किंवा सामसूम. ती सकाळी संपते. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर भर दुपारी होता तोही शुकशुकाट. गाव डेझर्टेड असेल तर ओस पडलेले, कारण ‘ओस पडणे’ यात माणसे होती आणि गेली, हे दोन्ही आहे. घर पडके, वापरात नसलेले असेल तर उजाड. जमिनीवर काही उगवत नसेल तर वैराण किंवा ओसाड. आणि ‘भकास’ हा शब्द जागेपेक्षा पाहणाऱ्याच्या मनाबद्दल जास्त सांगतो. माणसांनी भरलेले घरही भकास वाटू शकते. म्हणून बातमीत किंवा अहवालात भकास लिहू नका, कथेत लिहा.

जुन्या महसुली कागदांचे काम आले तर आणखी एक शब्द लक्षात ठेवा: बेचिराख. आज आपण ‘बॉम्बने शहर बेचिराख झाले’ म्हणतो आणि त्यात आपल्याला राख दिसते. पण मूळ शब्द फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही. महसुली दप्तरातले बेचिराख गाव म्हणजे जळालेले गाव नव्हे. हद्द आहे, नाव आहे, जमीन आहे, फक्त राहणारे कोणी नाही, असे गाव. विदर्भात अशाच गावाला रीठ, रिठी म्हणतात. इंग्रजी दप्तरातल्या ‘डेझर्टेड व्हिलेज’चे याहून चांगले मराठी मला माहीत नाही. मी पहिल्यांदा हा अर्थ समजून घेतला तेव्हा डोळ्यांसमोर संध्याकाळ उभी राहिली: दूरवरून पाहणारा माणूस मोजतो आहे, कुठे दिवा लागला आणि कुठे नाही.

क्रियापदाकडे येते. इथे उच्चारही बदलतो. प्रदेश असेल तर ‘डेझर्ट’, जोर पहिल्या अक्षरावर. सोडून जाणे असेल तर ‘डिझर्ट’, जोर दुसऱ्यावर. ध्वनिमुद्रणावरून भाषांतर करत असाल तर हा फरक कानाने धरा.

कौटुंबिक न्यायालयाच्या कागदांत हे क्रियापद सतत येते. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्यातल्या कलम १३मध्ये घटस्फोटाच्या कारणांत ‘डिझर्शन’ आहे. १९७६च्या दुरुस्तीने ते आताच्या रूपात तिथे आले. अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षे, सलग, जोडीदाराने सोडलेले असले पाहिजे. आणि नुसते वेगळे राहणे पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बिपिनचंद्र शहा विरुद्ध प्रभावती या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. वेगळे राहणे ही घटना हवी आणि सहजीवन कायमचे संपवण्याचा हेतूही हवा. सोडून जाणाऱ्याच्या बाजूने या दोन गोष्टी. ज्याला सोडले त्याची संमती नसली पाहिजे आणि घर सोडायला लावणारे त्याचे वागणेही नसले पाहिजे. उलट एखाद्याने घरात राहून असे वागावे की दुसऱ्याला निघून जावे लागावे, तर कायद्याच्या नजरेत सोडणारा तो घरात राहिलेलाच.

हे मला एका बाईंनी शिकवले. इंग्रजी अर्जात ‘नवऱ्याने तिला डिझर्ट केले’ असे होते आणि मी मराठी प्रतीत ‘तो तिला सोडून गेला’ असे लिहिले. वकिलांच्या खोलीत बाईंनी बोट ठेवून ते वाक्य वाचले. थांबल्या. म्हणाल्या, ‘‘ताई, सोडून तर तो मला माहेरी गेला होता, दिवाळीला. स्टँडवर उतरवून घेतलं, पिशवी उचलून दिली. टाकलं नंतर.’’ मी तिथल्या तिथे पेन खाली ठेवले. आपल्याकडे ‘सोडून जाणे’ म्हणजे पोहोचवून परत जाणेही होते. त्या एका वाक्यात त्यांनी कायद्यातले दोन्ही घटक वेगळे करून दाखवले होते. वेगळे राहणे दिवाळीला सुरू झाले, पण टाकण्याचा हेतू त्या दिवशी नव्हता. तो पुढे कधीतरी आला, आणि दोन वर्षे तेव्हापासून मोजायची. माझ्या वाक्याने ती तारीख चुकली असती.

तेव्हापासून न्यायालयीन कागदात मी ‘परित्याग केला’ लिहिते आणि तारीख वेगळ्या वाक्यात घेते. काही ठिकाणी ‘अभित्याग’ असाही शब्द दिसतो. ज्या कायद्याची मराठी प्रत समोर असेल तिच्यातला शब्द पाळा. साक्षीतले बोलणे मराठीत असेल तर ‘टाकले’ हा शब्द ‘परित्यागा’त बदलू नका. तो त्या माणसाचा शब्द आहे. ‘परित्यक्ता’ हा शब्द सरकारी अर्जांमध्ये विधवा, घटस्फोटिता यांच्या शेजारी येतो, तिथे तोच लिहा. कथेत मात्र ‘टाकलेली’ जितके सांगून जाते तितके परित्यक्ता सांगत नाही.

सैन्याच्या बाबतीत आणखी जपून. लष्करी कायदा १९५०चा. त्यात कलम ३८ हे डिझर्शनबद्दल आणि कलम ३९ हे रजेशिवाय गैरहजर राहण्याबद्दल. दोन वेगळे गुन्हे, दोन वेगळ्या शिक्षा. गैरहजेरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद. आणि प्रत्यक्ष युद्धसेवेत असताना, किंवा तिचा हुकूम मिळालेला असताना, डिझर्शन केले तर शिक्षा देहान्तापर्यंत जाऊ शकते. म्हणून बातमीत जवान रजा संपल्यावर वेळेत परतला नाही एवढेच असेल तर त्याला पळून गेलेला ठरवू नका. हिंदीतला ‘भगोडा’ मराठीत आणू नका. आणि ‘पळपुटा’ तर मुळीच नको. त्या शब्दात भित्रेपणाची शिवी आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या नावाला चिकटलेली. आरोप सिद्ध व्हायच्या आधी एखाद्याच्या घरी तो शब्द छापून गेला तर त्याच्या आईवडिलांना गावात तोंड दाखवता येत नाही. ‘सेवा सोडून पळून गेल्याचा आरोप’ असे साधे लिहावे.

राजकारणात आमदार पक्षाला डिझर्ट करतात तेव्हा ते पक्ष सोडतात किंवा फुटतात. ‘परित्याग’ तिथे शोभत नाही.

मग वाक्प्रचार. इंग्रजीत धीर माणसाला डिझर्ट करतो. मराठीत धीर सुटतो, अवसान गळते. शब्द डिझर्ट करतात. आपल्याला शब्द सुचत नाहीत, वाचा बसते. झोप डिझर्ट करते; आपली झोप उडते. नशीब साथ सोडते, मित्र पाठ फिरवतात. ‘शब्दांनी मला सोडून दिले’ असे वाक्य मी नवोदितांच्या कामात वारंवार पाहते. कृपा करून असे लिहू नका. मराठीत हे सगळे सांगायला शेकडो वर्षांचे तयार शब्द आहेत, ते आधी आठवून पाहा.

आतापर्यंतचे सगळे अर्थ ‘सेरेरे’च्या घरातले. आता दुसरे घर. ‘जस्ट डिझर्ट्स’ असे कुठे दिसेल. कुणाला त्याच्या कृत्याचे योग्य फळ मिळाले, हा अर्थ. स्पेलिंग प्रदेशाचेच, उच्चार सोडून जाण्याचा, आणि नाते तिसऱ्याशीच. हा ‘डिझर्व्ह’च्या, म्हणजे पात्र असण्याच्या कुळातला शब्द. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘सेर्विरे’त, म्हणजे सेवा करणे. ‘सर्व्हिस’ तिथूनच. आणि जेवणानंतरचे गोड, दोन एसचे ‘डिझर्ट’, तेही त्याच मुळाचे! फ्रेंचमध्ये ‘देसेर्विर’ म्हणजे वाढलेले उचलणे, टेबल आवरणे. जेवणाची भांडी उचलून झाल्यावर जे येते ते डिझर्ट. इंग्रज लोक स्वतः ‘जस्ट डिझर्ट्स’चे स्पेलिंग चुकवून त्यात दुसरा एस घालतात, आणि मग वाक्य मिठाईचे होते. चूक ती चूकच, पण दोन्ही शब्द दूरचे भाऊबंद आहेत हे खरे.

मराठीत ‘जस्ट डिझर्ट्स’ला ‘करावे तसे भरावे’ किंवा ‘पेरले ते उगवले’ पुरते. ‘कर्माचे फळ’ मी टाळते, कारण त्यात मागच्या जन्माची सावली पडते आणि इंग्रजी वाक्यात ती नसते. शिक्षाशास्त्रावरच्या लेखात हा शब्दप्रयोग आला तर तो एक सिद्धान्त असतो: शिक्षा गुन्ह्याच्या गांभीर्याइतकीच असावी, जास्त नाही आणि कमीही नाही. तिथे म्हण चालणार नाही. ‘गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा’ असे सरळ लिहा.

गोडाचे काय? आपल्या पंगतीत टेबल आवरून गोड वाढण्याची रीत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबिरीबरोबर गोडही पानात येते, पुरणाशिवाय नैवेद्याचे पान पूर्ण होत नाही. म्हणून डिझर्टला ‘पक्वान्न’ लिहिले की वाचक पुरणपोळी आणि श्रीखंड जेवणाच्या मध्यावर पाहतो. मेन्यूकार्डावर ‘जेवणानंतरचे गोड’ लिहा, किंवा सरळ ‘डेझर्ट’ ठेवा. शहरात लोक तसेच म्हणतात. बोलण्यात तो उच्चार डेझर्टच झाला आहे, तोही स्वीकारा.

जोडशब्द भराभर सांगते. ‘डेझर्ट लोकस्ट’ म्हणजे वाळवंटी टोळ. ही जातीची ओळख आहे, त्यामुळे वाळवंट इथे बरोबर. मे २०२०मध्ये हेच टोळ मध्य प्रदेशातून अमरावती, नागपूर, वर्ध्याकडे उतरले तेव्हा शेतकरी आणि वर्तमानपत्रे ‘टोळधाड’ म्हणाली. बातमीत टोळधाड, कीटकशास्त्रात वाळवंटी टोळ. ‘डेझर्ट कूलर’ला नागपुरात कोणीही वाळवंटी म्हणणार नाही, तो कूलर. ‘डेझर्ट रोझ’ हे रोपवाटिकेत अडेनियम. ‘फूड डेझर्ट’ म्हणजे ज्या वस्तीत ताजी भाजी, फळे परवडतील अशी जवळपास मिळत नाहीत. मराठीत टंचाईला आपण वाळवंट म्हणत नाही, दुष्काळ म्हणतो. ‘ताज्या भाजीचा दुष्काळ’ म्हटले की सातारा, बीड, लातूरचा वाचक क्षणात समजतो. पण खरा दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी हे रूपक वापरू नका.

आता तुमचा अहवाल.

वीसेक वर्षांपूर्वी मी अशाच एका कोरडवाहू भागासाठी पत्रक केले होते. मथळा ठेवला ‘वाळवंटीकरण रोखूया’. गावच्या देवळासमोरच्या सभामंडपात ते वाटले गेले आणि मीही तिथे होते. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, ‘‘वाळूउपशाचं हाय का हे? आमच्या वढ्यात वाळू ऱ्हायलीच न्हाई.’’ ते विनोद करत नव्हते. मथळ्यात त्यांना वाळू दिसली आणि वाळूचा जो प्रश्न त्यांनी पाहिला होता तोच आठवला. मग मी त्यांना विचारले की तुमच्या जमिनीचे काय झाले आहे. त्यांनी चप्पल काढून टाचेने जमीन उकरून दाखवली. बोटभर मातीखाली पिवळा मुरूम. ‘‘माझ्या बापाच्या वक्ताला हितं नांगर रुतायचा. आता वरची माती समदी व्हाऊन गेली, बरड झालं. वरलं दोन तुकडं पडीकच हायती.’’

संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या करारात डेझर्टिफिकेशनची जी व्याख्या आहे ती हेच सांगते: शुष्क, निमशुष्क आणि कमी ओलाव्याच्या प्रदेशांत हवामानातल्या बदलांमुळे आणि माणसाच्या वापरामुळे होणारा जमिनीचा ऱ्हास. शेजारच्या वाळवंटातली वाळू सरकत येणे असा त्याचा अर्थ नाही. माती धुपते, कस जातो, झाडोरा संपतो, आणि पाणी जास्त झाले तर जमीन क्षारपड होते, चोपण होते. माण-खटाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस कमी आहे, पण वाळवंटाच्या २५० मिलिमीटरच्या रेषेइतका कमी नाही. तपासणाऱ्यांचा शेरा त्यामुळे योग्य होता, आणि तुमचा शब्दही अगदीच चुकीचा नव्हता. सरकारी परिभाषेत ‘वाळवंटीकरण’ रूढ आहे, १७ जूनचा जागतिक दिवसही मराठीत त्याच नावाने येतो. अहवालातून तो पूर्ण काढला तर पुढच्या वाचकाला मूळ संज्ञा सापडणार नाही.

म्हणून असे करा. पहिल्या पानावर एकदाच लिहा: ‘वाळवंटीकरण, म्हणजे कोरड्या प्रदेशातल्या जमिनीचा कस उतरत जाऊन ती नापीक होणे.’ त्यानंतर सगळीकडे ‘जमिनीचा ऱ्हास’. जिथे अहवाल ऱ्हासाचा प्रकार सांगतो, तिथे तो प्रकारच लिहा: माती धुपलेली, बरड, मुरमाड, क्षारपड. जी शेते मालकांनी कसणे सोडून दिली आहेत, त्यांना इंग्रजीत ‘अबॅन्डन्ड’ लिहिले असेल. त्यांना ‘पडीक’ लिहा. लॅटिनमधल्या त्या जुन्या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द तुमच्या अहवालात हाच असेल. आणि मजकूर परत पाठवण्यापूर्वी त्या भागातल्या एखाद्या शेतकऱ्याला पहिले पान मोठ्याने वाचून दाखवा. वाळूउपशाचा प्रश्न निघाला नाही, तर पाठवून द्या.